मागच्या सीटवरचे डोके



या सदरात मी बहुतेक वेळा शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डावरची नावे, पतपेढीचे कर्ज अशा संसाराच्या गरजेच्या गोष्टी लिहितो. आज मात्र थोडे परदेशात जाऊन येऊ. परदेश म्हणजे अमेरिका, इंग्लंड नव्हे. आपल्या शेजारचा नेपाळ. आणि तिथली जी गोष्ट सांगणार आहे ती काही मिरवण्यासारखी नाही. चूक माझी, आणि ती भोगली आमच्या सौ.नी. तरीही लिहितो, कारण हीच चूक आपल्या वस्तीतल्या दर दुसऱ्या घरात रोज सकाळी घडते.

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. आमच्या विहारातून धम्मस्थळांच्या दर्शनाला बस निघाली होती. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, तिथून सुनौलीची हद्द ओलांडून लुंबिनी आणि शेवटी काठमांडू असा तो पल्ला होता. आमच्या दोघांचे पैसे सौ.नी भरले. मी कचेरीत कारकुनी करतो. माझा पगार घरभाडे आणि मुलांच्या फीमध्येच संपतो. तिने दोन वर्षे भिशी लावली आणि ते सगळे पैसे या प्रवासाला दिले. तिची एकच इच्छा होती. काठमांडूतल्या बौद्धनाथ स्तूपाला स्वतःच्या पायांनी प्रदक्षिणा घालायची. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते, हे तिने विहारातल्या व्याख्यानात ऐकले होते आणि ते तिच्या मनात बसले होते.

लुंबिनीहून काठमांडूला जाताना बुटवल, नारायणघाट, मुगलिंग अशी गावे लागतात. मुगलिंगपासून पुढे पृथ्वी राजमार्गावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली नदी. अरुंद वळणावर समोरून ट्रक आला की बसमधल्या बायका डोळे मिटून घेत होत्या. हे भय काही खोटे नाही. पुढे १२ जुलै २०२४ रोजी नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या याच त्रिशूलीत वाहून गेल्या. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो होतो.

काठमांडूत आमचा दोन दिवस मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी मंडळींना एका मिनीबसने शहर दाखवायचे ठरवले. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळला. मुक्कामाच्या गल्लीत मोटारसायकली भाड्याने मिळत होत्या. मी वीस वर्षे गाडी चालवतो. ठाण्याच्या, कुर्ल्याच्या गर्दीतून रोज वाट काढतो. मला वाटले, मिनीबसमध्ये चाळीस माणसांच्या मागे मागे फिरण्यापेक्षा आपण दोघे मोकळे फिरू. सौ. म्हणाली, "अहो, परक्या मुलखात कशाला ही हौस?" मी म्हणालो, "मुंबईत चालवणाऱ्याला काठमांडू म्हणजे काय?" हाच माझा पहिला मूर्खपणा.

दुकानातल्या पोराने माझा परवाना पाहिला, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवून घेतली आणि दिवसाचे पंधराशे रुपये सांगितले. नेपाळी बरे का. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये असा दर १९९३ पासून ठरलेला आहे, म्हणजे आपले साडेनऊशेच्या आत झाले. गाडी निघाली पल्सर. आपल्या चाकणच्या कारखान्यात ज्या गाड्या बनतात त्याच काठमांडूच्या रस्त्यावर पैशाला पासरी दिसतात. गावचा माणूस भेटल्यासारखे वाटले आणि माझी छाती आणखी फुगली. नंबरप्लेटसुद्धा वाचता येत होती. तिकडे जुन्या पाट्या देवनागरीत असतात. 'बा' म्हणजे बागमती अंचल, पुढे आकडे, आणि 'प' म्हणजे खासगी दुचाकी. खासगी गाडीची पाटी लाल, भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची काळी. परदेशात जाऊन आपल्याच लिपीत रस्ता वाचायला मिळतो याचे मला मोठे कौतुक वाटले.

त्या पोराने गाडीसोबत एक हेल्मेट दिले. एकच. मी ते डोक्यावर चढवले आणि हनुवटीखालचा पट्टा लावला. सौ. साडी नेसून मागे एका बाजूला पाय सोडून बसली, जशी घरी बसते तशी. तिच्यासाठी हेल्मेट मागावे असे मला सुचले नाही. तिलाही सुचले नाही. आमच्या घरी कधी दुसरे हेल्मेट नव्हतेच. वीस वर्षांत मी चार गाड्या बदलल्या नाहीत, पण हेल्मेटे तीन बदलली, आणि तिन्ही माझ्याच डोक्यासाठी.

निघताना तो पोरगा म्हणाला, "हर्न नबजाउनुस् है, दाजु." म्हणजे दादा, हॉर्न वाजवू नका हं. मला वाटले गंमत करतो आहे.

ती गंमत नव्हती. काठमांडू खोऱ्यात १४ एप्रिल २०१७ पासून, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसापासून, विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब अशा तातडीच्या गाड्यांना सूट. बाकी सर्वांनी हॉर्नवरचा अंगठा काढून घ्यायचा. असा नियम कागदावर राहील असे कोणालाही वाटेल. पण मी स्वतः फिरलो म्हणून सांगतो, त्या शहरात इतकी वाहने असूनही आपल्याकडचा कलकलाट नव्हता. अधूनमधून कोणी चुकार पोंगा वाजे, नाही असे नाही. पण तो वाजला की आजूबाजूची माणसे मान वळवून बघत.

आवाज नाही म्हणजे शिस्त आहे, असे मात्र समजू नका. काठमांडू हे डोंगरांच्या मधल्या वाटीत वसलेले शहर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटर उंचीवर. थंडीत धूर आणि धूळ त्या वाटीत कोंडून राहते. जुन्या गल्ल्या माणसांसाठी आणि भारवाहकांसाठी झालेल्या. मोटारीचा रस्ता भारतातून तिथे १९५० च्या दशकात पोहोचला. त्याआधी राणा सरदारांना मोटार हवी असली की ती बांबूंवर बांधून, हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून आणत. अनेक माणसांच्या खांद्यावर एक मोटार, आणि ती वापरणारा एक साहेब! कोणाच्या खांद्यावर कोणाचा रस्ता चालतो हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता त्याच गल्ल्यांतून मोटारसायकली, स्कूटर, टॅक्सी, माइक्रो, टेम्पो आणि चालणारी माणसे एकदम वाहतात. मी गेलो तेव्हा बऱ्याच चौकांतले दिवे बंद होते. तोंडाला मास्क लावलेला वाहतूक पोलीस, कुठे कुठे बाई पोलीस, मध्ये उभे राहून हाताने सारा प्रवाह अडवत आणि सोडत होती. हात खाली गेला की शेदोनशे दुचाक्या एकाच वेळी सुटत. लेन वगैरे भानगड नाही. जिथे पुढचे चाक शिरते तिथे रस्ता. उजवीकडून एक जातो, डावीकडून दुसरा येतो, समोरून तिसरा आपल्याच बाजूने येऊन ओळखीचे असल्यासारखा हसतो. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, एवढाच काय तो आधार.

सकाळी आम्ही स्वयंभूला गेलो. पूर्वेकडच्या पायऱ्या ३६५ आहेत असे सांगतात. सौ.नी त्या न थांबता चढल्या, मी तीनदा बसलो. खाली आल्यावर मी चक्रपथ धरला. चक्रपथ म्हणजे शहराभोवतीचा गोल रस्ता, साधारण २७ किलोमीटर लांबीचा. चीनच्या मदतीने १९७० च्या दशकात तो बांधला. दक्षिणेकडचा कलंकी ते कोटेश्वर हा भाग पुढे रुंद केला आहे. आम्ही गेलो ती उत्तरेची बाजू मात्र त्या वेळी जुनीच होती, कडेला खडी आणि माती पसरलेली. स्वयंभूहून बालाजू, गोंगबू, महाराजगंज करत चाबहिलला यायचे आणि तिथून वळून बौद्धनाथ. नऊ-दहा किलोमीटरचा रस्ता. नकाशात पाहिले तर शहर उजव्या हाताला ठेवून घातलेली अर्धी प्रदक्षिणाच. सौ.ला मी तसे सांगितले तेव्हा ती हसली.

गोंगबूपर्यंत माझा हात बसला होता. तिथल्या लोकांची पद्धत मला थोडी कळायला लागली होती. हॉर्न नाही, म्हणून प्रत्येकाला डोळ्यांनी बघावे लागते. पुढच्याची मान कुठे वळली, बसच्या दारातला पोरगा हात कुठे दाखवतो, टॅक्सीचे पुढचे चाक किती तिरपे झाले, यावर सारा हिशेब. वेगही बेताचा ठेवावा लागतो. आपण हॉर्न वाजवतो तेव्हा दुसऱ्याला सांगतो की मी येतोय, तू बाजूला हो. हॉर्न नसला की आपल्यालाच विचारावे लागते, तो बाजूला झाला नाही तर मी थांबू शकेन का? हा फरक लहान दिसतो, पण लहान नाही.

मला तो फरक कळला, पण हाताला कळला नव्हता. चाबहिल जवळ आले तेव्हा पुढे एक माइक्रो धावत होती. दारातला पोरगा गावांची नावे ओरडत होता. रस्त्याच्या कडेला दोन बाया हात करून उभ्या राहिल्या आणि माइक्रो काहीही इशारा न देता एकदम डावीकडे घुसली, नेमकी माझ्या पुढे. आता खरे सांगतो. माझा अंगठा आधी हॉर्नवर गेला. वीस वर्षांची सवय! क्षणभर मी हॉर्न दाबत होतो आणि ब्रेक दाबत नव्हतो. त्या एका क्षणात माइक्रो थांबली. मग मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. चाक खडीवर घसरले. गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. माझा गुडघा सोलला आणि हेल्मेट रस्त्याला घासून खरकन वाजले. डोक्याला ओरखडा नाही.

सौ. मागे पडली होती. तिचे डोके रस्त्याच्या कडेच्या दगडाला लागले होते. कानाच्या वरून रक्त येत होते आणि ते तिच्या पांढऱ्या साडीवर पडत होते. ती शुद्धीवर होती. पहिले वाक्य काय बोलली असेल? "तुम्हाला लागलं का?"

बंधूंनो, आमच्या लग्नाला एकवीस वर्षे झाली. त्या वाक्याने मी जेवढा लहान झालो तेवढा कधी झालो नव्हतो.

लोक जमले. कोणी गाडी उचलली, कोणी पाणी आणले. तेवढ्यात एक पांढरा टेम्पो थांबला. काठमांडूचे हे 'सफा टेम्पो' म्हणजे विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या, मागे दोन बाकडी. धूर ओकणारे डिझेलचे विक्रम टेम्पो १९९९ मध्ये त्या खोऱ्यातून हद्दपार झाले आणि त्यांची जागा या गाड्यांनी घेतली. विशेष म्हणजे त्या चालवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. नव्वदच्या दशकापासून, जेव्हा आपल्याकडे रिक्षा चालवणारी बाई दिसली की गर्दी जमत असे, तेव्हापासून तिथल्या गोरगरीब घरांतल्या बायका हे स्टिअरिंग धरून संसार चालवत आल्या आहेत. आमच्यासाठी थांबली ती अशीच एक बाई, पस्तिशी-चाळिशीची असेल. तिने गाडीतल्या प्रवाशांना सरकायला लावले, सौ.ला आत बसवले, आपला रुमाल काढून जखमेवर दाबून धरायला दिला. मग माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटकडे बघितले आणि विचारले, "भाउजूको हेल्मेट खोइ?"

वहिनींचे हेल्मेट कुठे आहे? एवढाच प्रश्न. रागाने नाही, चौकशी म्हणून. भाषा परकी, पण एक शब्दही अडला नाही. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते.

जवळच्या दवाखान्यात तिने आम्हाला सोडले. भाडे घेतले नाही. नाव विचारले तर हात हलवून निघून गेली, तिच्या गाडीत प्रवासी बसलेले होते. सौ.ला चार टाके पडले. डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवले आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले, उलटी झाली का, झोप येते का, एकाचे दोन दिसतात का. त्यांनी जे समजावले ते लिहून ठेवा. डोक्याला मार लागला की वरची जखम लहान असली तरी निदान एक दिवस माणसाला एकटे सोडू नये. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, आकडी, किंवा नाकाकानातून रक्त वा पाणी येणे, यातले काहीही दिसले तर घरचे उपाय न करता तडक मोठ्या इस्पितळात न्यावे. हळद लावून झोपवून ठेवू नये.

सुदैवाने आमच्या बाबतीत त्यातले काही झाले नाही. संध्याकाळी मी गाडी परत केली. मी म्हणालो, आता मुक्कामावर जाऊन पड. ती म्हणाली, "भिशी मी पडायला लावली नव्हती." मग टॅक्सीने आम्ही बौद्धनाथला गेलो. एप्रिल २०१५ च्या भूकंपात या स्तूपाच्या शिखराला तडे गेले होते. दुरुस्ती होऊन नोव्हेंबर २०१६ मध्ये तो पुन्हा खुला झाला. डोक्याला पांढरी पट्टी बांधून सौ.नी सावकाश प्रदक्षिणा घातली. मी लंगडत मागून. शेकडो माणसे चालत होती. म्हातारे लामा, शाळेतली पोरे, काठी टेकणाऱ्या आज्या, काही जण दंडवत घालत पुढे सरकणारे. सगळे एकाच दिशेने, आणि जो हळू चालतो त्याला कोणी ढकलत नव्हते. त्याच्या बाजूने वळसा घेऊन पुढे जात होते. सकाळपासून आम्ही याच शहराच्या रस्त्यावर होतो, तरी हे मला तिथे दिसले.

परत आल्यावर मी एक काम केले. कारकून माणूस, आकडे बघितल्याशिवाय समाधान होत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अपघात अहवाल मिळवला. त्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली जी माणसे मेली त्यांचा आकडा ५०,०२९. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवत नव्हतेच. ते मागे बसलेले होते. अहवालात त्यांना 'प्रवासी' म्हटले आहे. आपण त्यांना बायको, आई, बहीण, शाळेत जाणारी मुलगी म्हणतो.

हेल्मेटने काय होते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. वेळ आली की हेल्मेट असूनही माणूस जातो, असेही म्हणतात. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून जाणकारांनी काढलेला हिशेब असा आहे की अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नाही, कबूल. पण शंभरातले ६९ जो सोडतो त्याला आपण व्यवहारी म्हणू का? दैवावर हवाला ठेवायचा नाही, हे तर आपण कधीच ठरवले आहे. मग रस्त्यावर येताच ते दैव कुठून परत येते?

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागते, चालवणारा असो की मागे बसणारा. केंद्रीय नियमांतल्या १२३ व्या नियमात मागच्या माणसासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला पायठाण आणि मागचे चाक किमान निम्मे झाकणारी जाळी सांगितली आहे. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ही जाळी. पोरे नवी गाडी घेतली की पहिली ही जाळीच काढतात, गाडी 'झकास' दिसावी म्हणून. तिच्यावर आईला बसवतात.

मी बाजारात गेलो आणि आयएसआय छापाचे हेल्मेट आणले. जून २०२१ पासून त्या छापाशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकणे हाच गुन्हा आहे, तरी फुटपाथवर प्लॅस्टिकच्या वाट्या मिळतातच. त्या घेऊ नका. माझ्या हेल्मेटाला नऊशे रुपये पडले. काठमांडूतल्या टाक्यांना, औषधांना आणि गाडीच्या नुकसानीला त्याच्या साडेचारपट गेले होते, हे मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले आहे. हेल्मेट डोक्याला घट्ट बसते ना, पट्टा लावल्यावर मागून वर उचलले तर निघून येत नाही ना, हे बघून घ्यावे. सौ.ला सोबत नेले होते. तिच्या आयुष्यात तिच्या डोक्याचे माप पहिल्यांदा घेतले गेले.

रविवारी विहारात महिलांच्या बैठकीत तिने स्वतःच हा विषय काढला. हसायला झाले. एकीने अंबाड्याचे काय करायचे विचारले. दुसरी म्हणाली, "आमचे हे म्हणतात, दोन गल्ल्या तर जायचे, कशाला ते डबडे." तिसरीने मात्र खरी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ताई, मागायचा धीर होत नाही. एका हेल्मेटला नऊशे, त्यात घरचा महिन्याचा किराणा निम्मा होतो." यावर मी बोलू शकलो नाही. सौ. म्हणाली, "मग भिशी लावू. दर महिन्याला एकीचं डोकं." त्या भिशीत सात जणी आल्या. बाकीच्या अजून विचार करत आहेत. मीही कोणाला दोष देत नाही, मला स्वतःला कळायला एकवीस वर्षे लागली.

आपली पोरे आता कामाधंद्यासाठी, शिक्षणासाठी दूर जातात. कोणी परदेशात गाडी चालवणार असेल तर आधी तिथला कायदा विचारा. नेपाळला आपलेच वाहन घेऊन जाणाऱ्याने हद्दीवर 'भन्सार' म्हणजे जकात कचेरीत दिवसांप्रमाणे पैसे भरून कागद करून घ्यावा लागतो. तिथे दारू पिऊन चालवणाऱ्याला पकडण्याची मोहीम २०११ पासून आहे, तिला लोक 'मापसे' म्हणतात. इतर देशांसाठी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो एक वर्ष चालतो. पण तो सगळ्याच देशांत मान्य असतो असे नाही. परवान्याशिवाय गाडी चालवून अपघात झाला तर विम्याचे पैसेही हातून जाण्याची भीती असते. आणि माझ्यासारखी घमेंड बरोबर नेऊ नका. मुंबईत चालवता येते म्हणून जगात चालवता येते असे नाही. खरे तर मुंबईतही मी हॉर्नच वाजवत होतो. चालवायला आता शिकतो आहे.

आमच्या दाराच्या मागे खिळ्याला पूर्वी एक हेल्मेट टांगलेले असे. आता दोन आहेत. दुसऱ्या खिळ्यासाठी भिंतीत भोक पाडताना सौ. खालून म्हणाली, "पोराचा तिसरा खिळा आत्ताच ठोका." पोरगा यंदा अठराचा होतोय. तो म्हणतो, मित्र हसतात. मी त्याला त्याच्या आईच्या कानावरची टाक्यांची रेघ दाखवली. केस वाढले की ती झाकली जाते, म्हणून सध्या तरी रोज दाखवतो.

खिळा ठोकला आहे. हेल्मेट पुढच्या पगाराला.

जयभीम.